एकच प्याला : सुधाकराच्या समोर नेमकं कोण उभं आहे?

तिसरी घंटा (जळगाव)
नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप दिवाळीनंतर गडकऱ्यांचं 'एकच प्याला' करतोय. पाच अंकी नाटक दोन तासांत बसवायचंय आणि पदं चारच ठेवायचीत. कात्री माझ्या हातात असल्यामुळे शिव्याही मलाच.

माझा हिशेब साधा होता. नाटक दोन मित्रांचं आहे, सुधाकर आणि रामलाल. दोघं शिकलेले, दोघं हुशार. एकाचा, सुधाकराचा, अहंकार कोर्टात दुखावतो, वकिलीची सनद जाते आणि तो पेल्याला हात घालतो. दुसरा शेवटपर्यंत त्याला खेचत राहतो. मधे पेला भरायला तळीराम. एवढ्या तिघांवर नाटक उभं राहतं. म्हणून भगीरथ आणि सुधाकराची बहीण शरद यांना उपकथानक ठरवलं, तळीरामाच्या बायकोला, गीतेला, विनोदापुरती ठरवलं आणि परवाच्या वाचनाला तिघांना कापून टाकलं.

गीता करणारी बाई (पोस्टात आहे, सही सोडून कुठे वेळ वाया घालवत नाही) संहिता मिटवून म्हणाली, "मग सुधाकराच्या बायकोला, सिंधूला तरी कशाला ठेवता? भिंतीवर फोटो लावा, हार घाला." आणि निघून गेली.

तर सांगा, सुधाकराच्या विरुद्ध टोकाला खरं कोण आहे? आणि कात्री कुठे चालवू?

ता.क. खरं दगडी जातं कुणाकडे आहे का? आम्ही थर्माकोलचं केलं होतं. सिंधूने खुंट्याला हात घातला आणि अख्खं जातं मांडीवर आलं.

भरीतभाकरी
पोस्टातल्या ताईंना माझा नमस्कार कळवा. बाकी चर्चा नंतर.

मास्तर धुळेकर
रामलालच. शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं. संयम विरुद्ध व्यसन, विवेक विरुद्ध अभिमान. परीक्षेत सहा मार्कांना हमखास.

गिरणाकाठ
मास्तर, सहा मार्कांसाठी रामलाल ठीक आहे, पण रंगभूमीवर तो उभा राहिला की प्रेक्षक पाण्याला उठतात. आमच्या चाळीसगावला एका प्रयोगात रामलालचं भाषण सुरू झालं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "भाऊ, तू आधी एक घे." हसू आवरेना.

गंमत बघा, तळीराम हा मराठीत शब्द झाला. एकतीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी पेपरात 'तळीरामांवर कारवाई' असते. रामलालांचा सत्कार कधी वाचलात?

सनदशीर
मी वकिली करतो, म्हणून सनदेच्या मुद्द्यावर बोलणं भाग आहे. सुधाकर दारूने बरबाद झाला असं आपण सरसकट म्हणतो. पण गडकऱ्यांनी आधी त्याचा मान काढून घेतला आणि मग पेला दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. भर कोर्टात अपमान झालेला माणूस घरी कसा येतो ते मी पाहिलंय. तो जेवत नाही, बोलत नाही, आणि जो पहिला माणूस 'साहेब, तुमचं बरोबर होतं' म्हणतो त्याच्या मागे जातो. इथे तो माणूस त्याचा स्वतःचाच कारकून, तळीराम.

म्हणून माझ्या मते सुधाकर आणि तळीराम हीच खरी जोडी. तळीरामाला गमवायला काहीच नाही. तो 'आर्य मदिरा मंडळ' काढतो, पिण्याला शास्त्र, धर्म, देशभक्ती सगळं चिकटवतो आणि मजेत मरणाकडे जातो. सुधाकराला मात्र प्रत्येक पेल्यात आपण कोण होतो ते दिसतं. एकाला लाज नाही आणि दुसऱ्याला लाजेशिवाय काही नाही.

झेंडूची माळ
@सनदशीर, शेवटचं वाक्य आवडलं. पण तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य भांडतात तो प्रवेश आठवा. हसता हसता लक्षात येतं की माणूस मरतोय आणि कुणालाच पडलेली नाही. 'मजेत' मरत नाही हो तो.

सनदशीर
मान्य. 'मजेत' मागे घेतो.

केळीचं पान
मी वेगळं बोलते. सावदा माझं माहेर, सासर भुसावळ. एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून अकरा वर्षं काम केलंय. तुम्ही ज्याला कात्री लावलीत तो भगीरथच माझ्या मते सुधाकराच्या समोरचा माणूस आहे.

का ते सांगते. रामलाल प्यालेलाच नाही, त्यामुळे त्याची तुलना होतच नाही. न प्यालेल्याने प्यालेल्याला उपदेश करणं हे आमच्याकडे रोज होतं आणि रोज वाया जातं. भगीरथ मात्र प्यालेला आहे. प्रेमभंग झाला म्हणून प्यायला लागला आणि परत आला. आता परत कसा आला ते बघा. रामलालने त्याला नुसतं 'सोड' म्हटलं नाही, दुसऱ्यांसाठी करायचं काम दिलं. सकाळी उठून कुठेतरी जायचंय, कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढं त्याला मिळालं.

आता सुधाकर. त्यानेही एकदा शपथ घेतली होती, हे लोक विसरतात. दारू सोडून तो नोकरी मागायला बाहेर पडतो, आणि ज्यांनी पूर्वी त्याच्यापुढे माना तुकवल्या तेच त्याला झिडकारतात. तिथून तो परत प्याल्याकडे येतो, तो कायमचाच. एकाला दार उघडं मिळालं, दुसऱ्याच्या तोंडावर बंद झालं. ही जोडी कापलीत तर नाटकात फक्त 'दारू वाईट' एवढी पाटी उरते. ती तर दुकानावरही लावलेली असते.

आणखी एक. सुधाकर रामलालला दारूड्याच्या तीन अवस्था सांगतो ते स्वगताइतकं लांब भाषण कापू नका. नशा उतरते तेव्हा शरीर काय मागतं, हे त्या काळच्या नाटककाराने इतकं नेमकं लिहिलंय की मी नवीन मुलींना ते वाचायला देते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर दोन-तीन दिवसांत हात कापणं, भास होणं, झटके येणं हे खरोखर होतं आणि जीवावर बेततं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. 'मनाचा निश्चय हवा' म्हणणाऱ्यांनी एकदा वॉर्डात रात्र काढावी.

मास्तर धुळेकर
ताई, तीस वर्षांत हा मुद्दा एकाही विद्यार्थ्याने लिहिला नाही. लिहिला असता तर मी बहुधा लाल शाईने खोडला असता.

गिरणाकाठ
मास्तरांनी लाल शाई परत घेतली. नोंद घ्या.

धरणगावचा पाहुणा
विषय गडकऱ्यांचा निघालाच आहे तर थोडं आमच्या गावाकडे वळतो. बालकवी ठोंबरे आमच्या धरणगावचे. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला गेले, वय तेहतीस. आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. म्हणजे लिहिणाऱ्याने आपलं सर्वांत गाजलेलं नाटक पाहिलंच नाही. त्यातली पदंही गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची. जळगाव-भुसावळ पॅसेंजरने भादलीवरून जाताना मला दर वेळी हे नऊ महिने आठवतात. विषयाला धरून नाही, पण लिहावंसं वाटलं.

भरीतभाकरी
विषयाला धरून नसलेलंच इथे वाचण्यासारखं असतं.

बोरीकाठचा आबा
आरे भो, वाचीसन मजा उनी. पन ज्याना घरमा बाटली शे, त्याले हाऊ वाद नाटकना नै वाटस.

आता शुद्ध भाषेत लिहितो, नाहीतर नातू म्हणेल आबा कोडं घालतो. माझे आजोबा अमळनेरला नाटकवेडे होते. बालगंधर्वांची सिंधू ठिगळाचं लुगडं नेसून जात्यावर बसायची हे ते अशा आवाजात सांगायचे की जणू ती त्यांची बहीण. गणपतराव बोडसांचा सुधाकर कसा पडायचा तेही करून दाखवायचे. आणि हेच आजोबा पोळ्याच्या संध्याकाळी पिऊन आले की आजी आम्हा पोरांना घेऊन गोठ्यात झोपायला जायची. सिंधूसाठी रडणारा माणूस घरात सिंधू बनवत होता. एवढंच.

झेंडूची माळ
आबा, यावर काय लिहावं कळत नाही.

तिसरी घंटा (जळगाव)
दोन दिवस वाचतोय. भगीरथ परत घेतला. @केळीचं पान, तुमचा प्रतिसाद रामलाल आणि भगीरथ करणाऱ्या दोघांना वाचून दाखवला. भगीरथवाला खूश, रामलालवाला गप्प. तो म्हणतोय, मग माझं काम काय, रोजगार हमी?

गिरणाकाठ
😂 रामलालला न्याय द्यायचाच असेल तर शरदचा धागा ठेवा. शरद सुधाकराची बालविधवा बहीण. रामलाल तिला मुलीसारखी मानतो, आणि मग त्याच्याच लक्षात येतं की आपलं मन तिथे नुसतं बापाचं राहिलेलं नाही. भगीरथ आणि शरद जवळ येताना बघून तो आतून जळतो. शेवटी स्वतःला आवरतो आणि त्या दोघांच्या वाटेतून बाजूला होतो.

आधी मीच त्याची टिंगल केली, पण हा प्रवेश वाचला की वाटतं प्याला एकच आहे आणि माणसं तीन. रामलालच्या ओठापर्यंत आला आणि त्याने खाली ठेवला. भगीरथ प्यायला आणि मग ठेवला. सुधाकराला ठेवता आला नाही. आता हा रामलाल भाषण करताना 'आधी एक घे' म्हणायची माझी तरी हिंमत होणार नाही.

मास्तर धुळेकर
हे मात्र मी शिकवत होतो! (कुणी ऐकत नव्हतं.)

आखाजीचा झोका
सगळे पुरुषांच्याच जोड्या लावताय. सिंधू आणि गीता दिसत नाहीत का कुणाला? पोस्टातल्या ताई उगाच नाही उठून गेल्या.

दोघींचे नवरे पितात. सिंधू श्रीमंताघरची. भाऊ पद्माकर गिरणीचा मालक, माहेरचं दार उघडं. तरी ती 'कशि या त्यजू पदाला' म्हणत तिथेच दळत बसते. गीता अडाणी, गरीब, तोंडाची फटकळ. ती नवऱ्याला नवरा म्हणून ओवाळत नाही, आहे तसा बघते आणि आहे तसं बोलते. गडकऱ्यांनी तिच्या तोंडी विनोद दिला म्हणून आपण हसतो. पण तिची वाक्यं विनोद बाजूला ठेवून वाचून बघा. त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच आहे.

आमच्या घरातलं सांगते. आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे पिणारे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी यायच्या. लिंबाला झोका, खापरावरचे मांडे, गाणी. दोन दिवस कुणी कुणाला काही विचारायचं नाही असा अलिखित नियम. तिसऱ्या दिवशी नवरे घ्यायला यायचे. एका आखाजीला मावशीचा नवरा आला तेव्हा ती झोक्यावरच होती. उतरली नाही. आजोबा म्हणाले, "अगं, तो आलाय." ती म्हणाली, "दिसतंय मला. झोका थांबवू नका." ती परत गेलीच नाही. पुढे तालुक्याला शिलाईचं दुकान टाकलं, दोन पोरं शिकवली. आईने डबा भरला, पिशवी घेतली आणि बाबांच्या मागे एसटीत बसली.

आईला सगळं गाव देवी म्हणायचं. मावशीला कुणी देवी म्हटलं नाही. मावशी आज शहात्तर वर्षांची आहे आणि परवा माझ्याशी फोनवर टीव्ही मालिकेतल्या सुनेवरून भांडली. आई बावन्नाव्या वर्षी गेली.

भरीतभाकरी
🙏

सनदशीर
@आखाजीचा झोका, तुमच्या प्रतिसादानंतर सिंधूचा शेवट पुन्हा वाचला. सुधाकराच्या काठीने मूल जातं, तीही जखमी होऊन मरणाला टेकते, आणि फौजदारापुढे सांगते की घेरी येऊन मीच बाळावर पडले.

कायद्याच्या नजरेने हे भयंकर आहे. मृत्युपूर्व जबाब पुरावा म्हणून का धरतात? मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलणार नाही, ही त्यामागची समजूत. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३२, आता नव्या साक्ष्य अधिनियमात कलम २६. आणि गडकऱ्यांनी नेमकं मरणाऱ्या पतिव्रतेलाच खोटं बोलायला लावलं. प्रेक्षक तिच्या पाया पडतात, आणि त्या मेलेल्या लेकराच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही.

मास्तर धुळेकर
पण थांबा. सिंधूला आजच्या मापाने मोजणं बरोबर आहे का? १९१९ साली माहेरी परतलेल्या बाईला काय मिळणार होतं? घरगुती हिंसाचाराचा कायदा आला २००५ मध्ये. सिंधू दुबळी नाही, तिच्या हट्टातही ताकद आहे. दळून पोट भरते, पण भावाचा पैसा घेत नाही. सुधाकराचा मान कोर्टात गेला. तिने आपला मान जात्यावर सांभाळला. तिला फोटो म्हणणं अन्याय आहे.

आखाजीचा झोका
सर, दुबळी मी कुठे म्हटलं? माझी आईही दुबळी नव्हती. ताकद कशावर खर्च झाली, एवढंच म्हणतेय. आणि तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, सुधाकराचा मान कोर्टात आणि सिंधूचा जात्यावर, ते मला पटलं. मानी तर दोघंही. नवरा-बायको एकाच मातीचे निघाले. म्हणून तर गीता हवी. तिला मानाची ऐट नाही, जगायचं आहे.

वाळूतली होडी
नंदुरबारकडची आहे. आमच्याकडे मोहाची घरोघर, सणाला देवालाही लागते, त्यामुळे 'एकच प्याला' वाचून आमच्याकडचे लोक विचारतील, एकच का? पण शेजारच्या तालुक्यात एका गावात दुकान बंद करायला बायकांनी आडव्या बाटलीचं मतदान लावलं होतं (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू). त्यात आलेल्या मतांच्या नाही, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात. ऊन मी म्हणत होतं, तरी एक म्हातारी काठी टेकत आली आणि शिपायाला म्हणाली, "आडवी कोणती ते दाखव रे, मला उभंच दिसत नाही." सगळी रांग हसली. तिथे सिंधूही होत्या आणि गीताही, पण बोलावून आणायचं काम गीतांनीच केलं होतं.

गिरणाकाठ
म्हातारीला नाटकात घ्या.

केळीचं पान
@तिसरी घंटा, प्रॉपर्टीवाल्याला एक सांगा. पेल्यात कोरा चहा ओतत असाल तर साखर घालू नका. आमच्या केंद्राच्या पथनाट्यात गोड चहा होता. तिसऱ्या प्रयोगाला पेल्यात मुंग्या, आणि आमचा सुधाकर तरंगणाऱ्या मुंग्या काढून मग स्वगत म्हणतोय. शिवाय तो खरा सुटलेला माणूस होता, चार वर्षं कोरडा. पेला हातात घेतला की हात थरथरायचा. लोक म्हणायचे काय अभिनय! शेवटी आम्ही पेला रिकामाच ठेवला, नुसता हातात.

तिसरी घंटा (जळगाव)
मंडळी, हिशेब देतो.

भगीरथ आणि शरद राहिले. गीता राहिली. सुधाकराचं तीन अवस्थांचं भाषण पूर्ण राहिलं. कापलं काय, तर मदिरा मंडळाचा अर्धा धिंगाणा, आणि तळीराम करणारा आता माझ्याशी बोलत नाही. दोन तासांचं अडीच झालंय. सभागृहवाला जादा अर्ध्या तासाचं भाडं मागतोय ते वेगळंच.

पोस्टातल्या ताईंना घरी जाऊन संहिता दिली. त्यांनी चहा केला, संहिता उघडली, गीतेची सगळी वाक्यं एकदा हसवत वाचली आणि मग तीच वाक्यं अजिबात न हसवता वाचली. दुसऱ्या वेळी आतल्या खोलीतून त्यांच्या सासूबाई बाहेर येऊन उंबऱ्यात बसल्या. मी विचारलं, यातलं कुठलं ठेवायचं? त्या म्हणाल्या, "दुसरं. पहिलं तुम्हाला कळावं म्हणून वाचलं."

सिंधूला आणि गीतेला एका प्रवेशात जात्याच्या दोन बाजूंना बसवायचं ठरवलंय. संहितेत तसं नाही. मास्तर रागावणार.

मास्तर धुळेकर
रागावलो. पण तिकीट ठेवा. दोन.

आखाजीचा झोका
एक सुचवते. दोघी समोरासमोर बसल्या तर एकाच खुंट्यावर दोघींचा हात येतो. एक ओढते तेव्हा दुसरी सैल सोडते, नाहीतर जातं अडतं. ही लय महिनाभर बसवा, पदाला वेगळा ताल लागायचाच नाही. आणि रिकामं जातं फिरवू नका. दगडावर दगड घासून रेव निघते आणि आवाजही भुंडा येतो. मूठभर ज्वारी टाका, वरची तळी बरोबर बोलते.

भरीतभाकरी
वरची तळी, खालची तळी, मधे राम भरडला.

गिरणाकाठ
हा माणूस आठ प्रतिसाद याच विनोदासाठी दबा धरून बसला होता.

तिसरी घंटा (जळगाव)
अहो पण जातं आहे कुणाकडे?? पहिल्या दिवसापासून विचारतोय!

बोरीकाठचा आबा
आमच्याकडे आहे. आजीचं. गोठ्यात उलथं पडलंय, वर कोंबडी बसते. अमळनेरला येऊन घेऊन जा, दोन धट्टी माणसं आणा. खुंटा मोडलाय, तो सुताराकडून बसवून घ्या, बाभळीचाच. आणि प्रयोग झाला की परत आणून द्या भो, कोंबडीला सवय आहे.